कूलरपुढे क्रॉस्बी

जळगावात एप्रिल उजाडला की घराघरांत एकच वाद्य वाजू लागतं, ते म्हणजे कूलर. आमचा पत्र्याचा आहे. त्याचा पंखा सुरू झाला की समोरच्या माणसाचे फक्त ओठ हलताना दिसतात. बायको 'दूध उतू गेलं' म्हणते आणि मला 'दादा धुळ्याला गेले' असं ऐकू येतं. मी 'बरं झालं' म्हणतो आणि पुढचा अर्धा दिवस खुणांवर निघतो. या तीन महिन्यांत गाणं ऐकायचं तर ते कूलरवर मात करणारं असावं लागतं. पंडित भीमसेन जोशी तेवढे पुरून उरतात. पोवाडा चालतो, गोंधळ चालतो, वरातीतला बँड तर कूलरलाच गप्प करतो. आणि अशा गावात, अशा हवेत, मला नाद लागला तो बिंग क्रॉस्बीचा.

हे नाव मी घरात पहिल्यांदा घेतलं तेव्हा बायकोनं कान टवकारले. "कोणाचं बिंग?" तिनं विचारलं. नावावरूनच माणूस संशयास्पद ठरला आणि तो संशय अजून फिटलेला नाही.

क्रॉस्बी म्हणजे अमेरिकेतल्या क्रूनर मंडळींतलं मोठं नाव. क्रूनर म्हणजे कानाशी येऊन, जवळजवळ पुटपुटत गाणारा. 1925 च्या सुमारास ध्वनिमुद्रणात विजेचा मायक्रोफोन आला. तोपर्यंत गाणाऱ्याला कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागे, आणि रंगमंचावर असेल तर शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत आवाज फेकावा लागे. आपली संगीत नाटकं याच फेकीवर उभी राहिली. मायक्रोफोन आला आणि क्रॉस्बीच्या लक्षात आलं की आता शेवटच्या रांगेला ओरडून सांगायची गरज नाही; यंत्रालाच हळू सांगावं, ते पुढचं बघून घेईल. बायका खुळावल्या आणि धर्मगुरू खवळले. 1932 मध्ये बोस्टनच्या कार्डिनल ओकॉनेल यांनी हे असलं कुजबुजतं गाणं पुरुषाला न शोभणारं आहे, म्हणून जाहीर झोड उठवली.

त्या कार्डिनलांचा जन्म खानदेशात झाला असता तर त्यांना एवढा त्रास पडला नसता. इथे कुजबुज ही चीजच नाही. आमच्याकडे गुपितसुद्धा पलीकडच्या गल्लीला गैरसोय होणार नाही अशा बेतानं सांगतात. भाजीबाजारात वांग्याचा भाव विचारला तर भांडण जुंपलंय असं समजून पुण्याचे पाहुणे मागे सरकतात. अशा घरात मी क्रॉस्बी लावला, तर आईनं पहिल्याच कडव्याला विचारलं, "याला बरं नाही का रे?"

"आई, तो असाच गातो."

"दम्याचा आहे. श्वास बघ कसा सोडतोय. कोणीतरी अडुळसा द्या म्हणावं."

मी सांगितलं, हा 1977 मध्ये गेला, स्पेनमध्ये, गोल्फचा डाव संपवून मैदानावरून परतताना. आई म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

मला मात्र क्रॉस्बी आवडला तो गाण्याआधी त्याच्या आळसामुळे. रेडिओवरचे कार्यक्रम त्या काळी थेट गावे लागत. पूर्वेकडच्या श्रोत्यांसाठी एकदा, आणि घड्याळं मागे म्हणून पश्चिमेकडच्यांसाठी पुन्हा तेच. क्रॉस्बीला गोल्फ खेळायला वेळ हवा होता. टेपरेकॉर्डर नावाचं नवं यंत्र निघालंय असं कळताच त्यानं ते बनवणाऱ्या अँपेक्स कंपनीला 50 हजार डॉलर दिले आणि 1947 पासून कार्यक्रम टेपवर भरून ठेवायला सुरुवात केली. आवाज कामावर आणि मालक मैदानावर. अंगठा लावून हजेरी देणाऱ्या माझ्यासारख्या नोकरदारानं याहून मोठा आदर्श कुठे शोधावा? आमच्या हापिसात मी ही गोष्ट वरिष्ठांना मोठ्या उत्साहानं सांगितली. त्यांनी माझी रजेची शिल्लक तपासायला घेतली.

आता हे खूळ जळगावापर्यंत आलं कसं, तर भुसावळमार्गे. आमच्याकडे बाहेरचं सगळं भुसावळमार्गेच येतं. जीआयपी रेल्वेच्या काळापासून तिथे मोठी रेल्वे वसाहत. तिच्यात अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गार्ड, त्यांची कुटुंबं. नाताळला रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाच होत आणि त्यासाठी तबकड्या लागत. स्वातंत्र्यानंतर यातली पुष्कळ कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. माणसं गेली, जड सामान राहिलं. त्यातलं थोडं फिरत फिरत एका जुन्या सामानवाल्याकडे आलं होतं आणि तिथे, कुकरच्या बिनशिट्टीच्या झाकणांखाली, मला क्रॉस्बीची नाताळगीतांची तबकडी सापडली. सोबत सूटकेससारखा बंद होणारा रेकॉर्ड प्लेअर होता. सुई तबकडीवरून घसरू नये म्हणून त्याच्या दांडीवर कोणीतरी चिकटपट्टीनं जुनं चार आण्याचं नाणं बसवलं होतं. दुकानदारानं त्या नाण्याचे वेगळे पैसे मागितले. "शेठ, चार आणे आता मिळतात कुठे?" तो म्हणाला. मी दिले.

त्या तबकडीवर क्रॉस्बीचं सगळ्यात गाजलेलं गाणं होतं, 'व्हाइट ख्रिसमस'. शुभ्र बर्फातल्या नाताळची आठवण काढणारं, जगात सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांत ज्याचं नाव पहिलं घेतात ते. हे मी आणलं मे महिन्यात. बाहेर पंचेचाळीस अंश, नळाच्या पाण्यात चहा होईल अशी अवस्था, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. बायको म्हणाली, "लोक ऐकतील तर काय म्हणतील? डोक्यात ऊन गेलं म्हणतील."

इथे माझ्यातला अभ्यासक जागा झाला. मी तिला सांगितलं की हे गाणं क्रॉस्बीनं ध्वनिमुद्रित केलं तेच मुळी मे महिन्यात. 29 मे 1942, लॉस एंजेलिस. गाणं रचणारा आयर्व्हिंग बर्लिन रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला, म्हणजे लहानपणी त्याच्या घरी नाताळ नाही. त्याला संगीताची लिपी लिहिता-वाचता येत नव्हती, पियानो वाजवायचा तोही बहुतेक काळ्या पट्ट्यांवरच. थोडक्यात, त्या दिवशी त्या खोलीत कोणालाही थंडी वाजत नव्हती. तेव्हा या गाण्यावर लॉस एंजेलिसचा जितका हक्क, तितकाच जळगावचा. शिवाय मूळ साच्यातून इतक्या प्रती काढल्या की तो झिजला आणि 1947 मध्ये तेच वादक, तोच गायक जमवून गाणं पुन्हा भरावं लागलं.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कूलरमध्ये पाणी टाका."

मी बादली उचलली, पण तोंड बंद केलं नाही. रसिक माणसाला एकट्यानं गाणं ऐकून समाधान होत नाही, ते दुसऱ्याला ऐकवावं लागतं. दुसऱ्यानं 'वा' म्हणेपर्यंत आपण ऐकलं की नाही याचीच खात्री नसते. म्हणून पाणी ओतता ओतता मी सायगावची गोष्ट काढली. 1975 च्या एप्रिलअखेर व्हिएतनाममधून अमेरिकनांनी पळ काढला तेव्हा आपल्या माणसांना खूण म्हणून त्यांच्या रेडिओवर 'शहराचं तापमान 105 अंश असून वाढत आहे' अशी घोषणा झाली आणि पाठोपाठ हेच गाणं लागलं. गाणं ऐकलं की गाठोडी उचलायची. 105 फॅरनहाइट म्हणजे आपले साडेचाळीस. आमच्याकडे साडेचाळीसला लोक मुंज ठेवतात. जळगावात हीच खूण ठरवली असती तर मार्चमध्येच गाव ओस पडलं असतं.

खरी अडचण पुढेच होती. कूलर चालू असेल तर क्रॉस्बी ऐकू येत नाही. कूलर बंद केला तर घरचे माणसात राहत नाहीत. मग मी लाइट जाण्याची वाट बघू लागलो. लाइट गेली, कूलर थांबला, अख्ख्या गल्लीत अशी शांतता पसरली की क्रूनर ऐकायला याहून चांगली वेळ नाही. आणि प्लेअरही विजेवरच चालणारा. मी काळोखात थांबलेल्या तबकडीसमोर घाम पुसत बसून राही आणि पुढे काय काय येणार होतं ते घरच्यांना तोंडी सांगे. शेजारच्या काकू म्हणत, "भाऊ आज भविष्य सांगताहेत वाटतं."

शेवटी ठरवलं, हिवाळ्यापर्यंत थांबायचं. तबकडी कपाटावर ठेवली. पत्र्याच्या घरात, मे महिन्यात, कपाटावर. ऑक्टोबरात काढली तेव्हा ती तांदळाच्या पापडासारखी एका कडेनं उचलली गेली होती. वाजत होती, पण मिनिटाला तेहतीस फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला सुई टेकडी चढून उतरायची. तेवढ्यापुरता क्रॉस्बीचा आवाज हिंदकळायचा. पाटाखाली ठेवून बघितली, वर 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे खंड ठेवून बघितले. भाषेचा एवढा भार पडूनही ती सरळ झाली नाही.

डिसेंबरात धुळ्याला सासरी भरिताचं बोलावणं आलं. धुळ्याची थंडी म्हणजे गंमत नव्हे. पारा पाच-सहा अंशांवर उतरल्याच्या बातम्या येतात. बर्फ नाही, पण बर्फाच्या गाण्याला बरं वातावरण. मी प्लेअर आणि तबकडी घेऊन बसमध्ये चढलो. एरंडोलला कंडक्टरनं विचारलं, "पेटीत काय आहे?"

"गाणं."

"गाण्याचं अर्धं तिकीट लागंल."

पारोळ्यापर्यंत तो गंमत करतोय की खरंच मागतोय हे मला कळलं नाही. पारोळ्याला त्यानं पैसे घेतले.

सासरी मैफलीला मंडळी भरपूर. सासरे, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात. साडूभाऊ. मेहुणे, त्यांची मुलं. अंगणात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती, हिरवी, पांढऱ्या रेघांची, एकेक पावशेराचं. सासूबाई ती हातानंच उलटत होत्या आणि बोटं कानाच्या पाळीला लावत होत्या. मी प्लेअर मांडला. प्रस्तावना केली. कार्डिनल झाला, टेपरेकॉर्डर झाला, सायगाव झालं. वांगी भाजून झाली. मग सुई टेकवली.

आप्पांनी दोन ओळी ऐकल्या आणि मान हलवली. "जावईबापू, हाऊ माणूस जेयेल नही दिखस."

"आप्पा, ही शैलीच तशी आहे."

"मंग त्याले सांगा, जरा जोरमा गाय."

साडूभाऊंचं दुखणं वेगळं. ते कराओकेवाले. जुनी हिंदी गाणी गाणारा एक ग्रुप आहे त्यांचा. निवृत्त उपअभियंते, एक दातांचे डॉक्टर, एक माजी तहसीलदार. साडूभाऊंकडे किशोरकुमार खातं आहे. ते म्हणाले, "अहो, खांडव्याचा माणूस घरात असताना अमेरिकेला कशाला जायचं? भुसावळहून गाडी पकडली की खांडवा."

मी त्यांना म्हटलं, त्याच खांडव्याच्या माणसाचं ते प्रसिद्ध यॉडलिंग अमेरिकेचंच आहे. जिमी रॉजर्स नावाचा रेल्वेत काम केलेला अमेरिकन गवई होता, त्याच्या तबकड्या गांगुलींच्या, म्हणजे किशोरकुमारच्या, घरात वाजत, त्या ऐकून किशोरकुमारनं गळा तसा वळवला.

साडूभाऊ क्षणभर थांबले. "म्हणजे अमेरिकेला शेवटी आपल्याकडूनच गाजावं लागलं."

मग मी 'सी.आय.डी.' काढला. 1956 सालचा चित्रपट. त्यात जॉनी वॉकर मुंबईवर जे गाणं म्हणतो त्याची चाल ओ. पी. नय्यर यांनी 'क्लेमेंटाइन' या अमेरिकन गाण्यावरून घेतली, आणि ते गाणं एकोणिसाव्या शतकातलं.

"बघा!" साडूभाऊ आप्पांकडे वळून म्हणाले. "चोरलं की नाही त्यांनी?"

"अहो, ते आधीचं आहे."

"तारखा काढू नका हो. भावना बघा."

एवढ्यात अंगणातून सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी भरीत ठेचायचा बडगा खाली ठेवला होता. "कोण गातंय ते? तलत ना?"

मी चमकलो. सासूबाई तलत महमूदच्या भक्त. मुलायम गळा, माइकशी जवळीक, ओरडायचं नाव नाही. आपल्याकडचा क्रूनर शोधायचा तर तो हाच. त्याच्या आवाजात एक बारीक कंप होता. तो लपवायला तलत धडपडत असताना अनिल विश्वास म्हणाले, मला तोच हवाय, आणि 'आरजू'पासून त्या कंपावर सगळा देश फिदा झाला. इतक्या महिन्यांत माझं म्हणणं कोणाला तरी कळलं होतं, तेही वांग्याची सालं काढता काढता. मी हर्षानं विचारलं, "कशावरून ओळखलंत?"

"तो कंप बघा ना. किती गोड हलतोय. दर थोड्या वेळानं."

तो कंप माझ्या कपाटावर तयार झालेला होता. मी तबकडीकडे बघितलं. चार आण्याचं नाणं टेकडी चढत होतं, उतरत होतं. मी म्हटलं, "कान आहे हो तुम्हाला." त्या लाजल्या. त्या दिवशी मला भरीत सगळ्यांच्या आधी वाढलं गेलं, वर तेलाची धार आणि कळण्याची भाकरी दोनदा.

जेवण झाल्यावर साडूभाऊ मऊ पडले. जोरात गाणारा कोणी अमेरिकन नाही का, असं त्यांनी विचारलं. मी फ्रँक सिनात्राचं नाव घेतलं. आप्पांनी झोपेतून विचारलं, "सिनात्रे? शिंदखेड्याचे का?" मी सांगितलं की हा न्यू जर्सीच्या होबोकेनचा, लांब दमासाठी टॉमी डॉर्सीच्या ट्रॉम्बोनकडे बघून श्वास घ्यायला शिकला आणि पाण्याखाली पोहून छाती कमावली. साडूभाऊंनी दुसऱ्या दिवशी पहाटे पांझरा नदीवर जायचं जाहीर केलं. गेलेही. पांझरेत घोटाभर पाणी होतं. ते तेवढ्यात पालथे झोपले, पण दम वाढण्याऐवजी पडसं झालं.

पडशातच त्यांनी सिनात्राचं 'माय वे' बसवायला घेतलं. मोबाइलवर संगीत, हातात दिवे लुकलुकणारा माइक, आणि त्या माइकला असा प्रतिध्वनी की एकदा 'हॅलो' म्हटलं की चहा येईपर्यंत ते घरात फिरत राहतं. मी त्यांना सावध करायला सांगितलं की फिलिपिन्समध्ये कराओके बारमध्ये हे गाणं कसं म्हटलं यावरून हाणामाऱ्या होऊन खून पडलेत. काही मालकांनी ते यादीतून काढूनच टाकलंय. मला वाटलं, घाबरतील. साडूभाऊंचे डोळे चमकले. "एवढं पॉवरफुल गाणं आहे?" ते म्हणाले आणि एक पट्टी वर चढवली. तिसऱ्या वेळी मला फिलिपिन्सच्या लोकांची बाजू समजू लागली.

पुढे त्यांच्या ग्रुपनं 'सदाबहार सिनात्रा आणि किशोर' असा कार्यक्रमच ठेवला आणि सिनात्रावर दोन मिनिटं बोलायला मला बोलावलं. अशा कार्यक्रमांत श्रोता नावाचा प्राणी नसतो. खुर्चीवरचा प्रत्येक जण पुढचा गायक असतो. मांडीवर वही, कानात इअरफोन, ओठ हलताहेत. समोरचा गातोय तोवर जो तो आपलं गाणं मनात म्हणत असतो आणि समोरचा थांबला की सवयीनं टाळ्या वाजवतो. मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

मी ठरवलं होतं, बोलायचं तर क्रूनरसारखं. माइकजवळ ओठ नेऊन, हळूच. म्हटलं, "मित्रहो, 1998 चा मे महिना आठवा. 9 तारखेला मुंबईत तलत महमूद गेले आणि पाचच दिवसांनी, 14 तारखेला, लॉस एंजेलिसला सिनात्रा..."

"आवाज!" मागून कोणीतरी ओरडलं.

मी आणखी जवळ गेलो. साउंडवाल्यानं प्रतिध्वनी वाढवला. सिनात्रा-नात्रा-त्रा असं सभागृहभर झालं. "मोठ्यानं बोला!" पुन्हा मागून आलं. मग मी माइक बाजूला सारला आणि खानदेशी पद्धतीनं, पोटातून, तलत आणि सिनात्रा यांच्या कोमल स्वरांविषयी ओरडून सांगितलं. टाळ्या झाल्या. साडूभाऊ गायले. कोणाचा जीव गेला नाही.

निघताना माजी तहसीलदारांनी गाठलं. "बोललात छान. पुढच्या वर्षी मात्र त्या सिनात्रासाहेबांनाच बोलवू. जाण्यायेण्याचं आम्ही देऊ, सेकंड एसीचं."

"साहेब, ते गेले. आत्ताच सांगितलं मी. 1998 मध्ये."

"अरेरे. मुलगा वगैरे?"

"मुलगा गायचा. तोही 2016 मध्ये गेला."

तहसीलदारांनी थोडा विचार केला. "नात्यातलं कोणी असेल तर बघा. लग्नसराई संपल्यावर ठेवू, हॉल स्वस्तात मिळतो."